अकरा पानांचं स्वागत

४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.१०

वही कागदी आहे, ती मुद्दाम. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं कोण वाचेल याचा भरवसा नाही. लिहून झालं की गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली ठेवायची. स्टेपनी रोज कोण काढतं?

आज डोन्या सिनियांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांचीच. आमचं 'काम्पीतो' सान होसेत गाडी लावायला रिकामी जागा शोधून देतं. त्याची चौथी आवृत्ती २ डिसेंबरला येणार. नवीन माणूस अ‍ॅप उघडतो तिथपासून त्याची नोंदणी पुरी होईपर्यंत, त्याला दिसेल तो शब्दन् शब्द मी लिहायचा. ऑफिसात याला ऑनबोर्डिंग म्हणतात. मी स्वागत म्हणतो. डोन्या सिनिया म्हणाल्या, एवेलिओ, वीस डिसेंबरपर्यंत हजार नोंदण्या पुऱ्या झाल्या की तुमची नोकरी कायम. तीन वर्षं कंत्राटावर काढली. आईला फोन करून सांगितलं, झाल्यातच जमा आहे.

संकल्प: रोज एक पान. पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. गोड बंद.

६ नोव्हेंबर, बुधवार

चार पानं झाली. पहिलं: नमस्कार, वाटसरू. दुसरं: बैलगाडीपासून आजपर्यंत आपल्या शहरातलं पार्किंग. तिसरं: जागा म्हणजे काय? (इथे जरा खोल गेलोय.) चौथं: तुमचा पत्ता, रस्ता आणि घर क्रमांकासह. चौथ्याचा मला विशेष अभिमान आहे. खुणा सांगून घर दाखवणाऱ्या आपल्या देशाने कधीतरी नीट पत्ता लिहायला शिकायला हवं.

स्वतःच्या फोनवर नोंदणी करून पाहिली. माझा पत्ता: जुन्या तारऑफिसपासून दोनशे मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक. अ‍ॅपने घेतला नाही. घराला क्रमांक आहे का हे आईला विचारायला हवं. सवडीने करू, घाई नाही.

नेमकी त्याच वेळी रेयना मागून गेली. ही आमची टेस्टर, अ‍ॅपमधल्या चुका काढणं हेच तिचं काम. कॉफीचं मशीन दुसऱ्या टोकाला असताना ही इकडून का गेली? वर म्हणते कशी, अहो, माणूस गाडीत बसलाय, मागे दहा जण पोंपों करतायत, आणि तुम्ही त्याला बैलगाडीचा इतिहास वाचायला लावणार? एकूण पानं किती? अकरा? तीन करा. ती शेजारच्या निकारागुआची, एस्तेली गावची. फाडकन तोंडावर बोलते. आपल्याकडे असं कुणी बोलत नाही.

मी म्हणालो, छान सूचना आहे, नक्की विचार करतो.

(करणार नाही.)

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मी जवळून गेलो की रेयना वहीत काहीतरी लिहिते. आज तीनदा मुद्दाम गेलो. तिन्ही वेळा लिहिलं.

डोन्या सिनियांनी अकराही पानं वाचली. फार सुंदर, म्हणाल्या. मग फोन आला, तो झाल्यावर पुन्हा, फार सुंदर. दोनदा म्हणाल्या म्हणजे वरवरचं नाही. पान सात जरा वेगळं आहे ना, असंही म्हणाल्या. पान सातवर अजून चार ओळी वाढवल्या.

आज एक केकचा तुकडा. रेयनाचा वाढदिवस होता. न खाल्लं तर संशय आला असता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी

चाचणीचा दिवस. फोन घेऊन रस्त्यावर उतरलो आणि चाळीस माणसांना अकराही पानं दाखवली. न्हावी, औषधाच्या दुकानातली रांग, आईच्या जपमाळेच्या मंडळातल्या सहा बायका. निकाल: चाळीसपैकी चाळीस खूश. किती सुंदर, किती छान, आजच घेतो, देव तुमचं भलं करो. बाकावर बसलेले एक गृहस्थ तर म्हणाले, गाडी घेतली की पहिलं काम हेच. शंभर टक्के! रेयनाला कळवलं. ती म्हणाली, बरोबरच आहे, तुमच्याकडे नाही म्हणायची पद्धतच नाही. मत्सर माणसाला कुठे नेतो ते पाहिलं.

चाळिसावे डॉन तोबियास (बाईंना डोन्या तसं पुरुषांना डॉन, मान म्हणून). आमच्या ऑफिसखाली, जळालेल्या बेकरीच्या कोपऱ्यावर, नारिंगी जाकीट घालून रस्त्यावरच्या गाड्या राखतात. बावीस वर्षं झाली. बेकरी जळाली तेव्हा ते होते म्हणे. 'या, या, या, बास' असं हात हलवत गाडी लावून देतात. मी त्यांच्या हाताकडे कधीच बघत नाही, स्वतःच्या आरशात बघतो. बंपरला मागे जे दोन पोचे आहेत त्यांचा याच्याशी संबंध नाही.

त्यांना विचारलं, लोकांना नोंदणीला मदत कराल ना? म्हणाले, हो साहेब, नक्की. मग जरा घुटमळले. म्हणाले, साहेब, त्या अ‍ॅपात आमचं नाव येईल का कुठे? फार काही नको. बेकरीच्या कोपऱ्यावर तोबियास असतात, एवढंच. नात शाळेत दाखवेल. मी म्हणालो, नक्की, पुढच्या आवृत्तीत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

(पुढच्या आवृत्तीचं काहीच ठरलेलं नाही.)

घरी येताना मनात आलं, आपलं अ‍ॅप ज्याच्या पोटावर पाय देणार, तो इतक्या पटकन हो का म्हणाला? लक्ष ठेवायला हवं.

२ डिसेंबर, सोमवार

९.०० चौथी आवृत्ती आली!

९.४० आठशे जणांनी उतरवून घेतली. नोंदणी पूर्ण: दोन. त्यातली एक रेयनाची, चाचणीसाठी केलेली.

१.०० पूर्ण: तीन. लोक सावकाश वाचत असतील. चांगलं लिखाण सावकाशच वाचलं जातं.

६.०० सात.

३ डिसेंबर, मंगळवार

चाळीस माणसांनी शब्द दिला होता, एकाचंही नाव यादीत नाही. गाठून गाठून विचारलं. न्हावी: हो हो, आजच करतो. औषधवाली: अरे देवा, फोन पाण्यात पडला. मंडळातल्या बायका: नातू आला की. आई: केव्हाच केली रे, इतकं छान लिहिलंयस की डोळ्यांत पाणी आलं.

आईकडे गाडी नाही. फोनही भिंतीवरचा आहे. पण आईवर संशय घेणं बरं दिसत नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

निष्कर्ष एकच. इतक्या लोकांना नोंदणी करायची आहे आणि कुणीतरी त्यांना करू देत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार. दुपारी १२.४५

सापडला! ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. लाल गाडीतल्या बाईने डॉन तोबियासच्या हातात फोन दिला. त्यांनी भराभरा बोटं मारली, फोन परत दिला, बाई हसली, खाली उतरली आणि गेली. दहा मिनिटांनी एक टक्कलवाले गृहस्थ. पुन्हा तेच. हा माणूस लोकांच्या फोनमधून आमचं अ‍ॅप उडवतोय!

समोरच्या खानावळीत खिडकीशी बसायचं ठरवलं. संकल्प: पुरावा पूर्ण होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

तीन दिवस पाळत. फोटो अठरा. खानावळवाली फुकट बसू देत नाही, त्यामुळे रोज भात, काळा राजमा, तळलेलं केळं आणि शेवटी खीर. वजन दोन किलोने वाढलं. हा कामाचा भाग आहे.

आज कडी जुळली. १२.२०ला रेयना खाली आली, डॉन तोबियासशी सात मिनिटं बोलली आणि केळीच्या पानात बांधलेली पुडी त्यांच्या हातात दिली. आत काय असेल?

५.३० रेयनाने मलाही तशीच पुडी दिली. म्हणाली, घरी नाताळचे तमाल केले होते, मक्याच्या पिठाचे, सगळ्यांना आणलेत. खायचे नाहीत असं ठरवलं.

९.०० तमालच होते. मसाला चांगला होता.

१० डिसेंबर, मंगळवार

डोन्या सिनियांना नऊ पानी अहवाल दिला, फोटोंसकट. मागण्या दोन: नगरपालिकेला सांगून डॉन तोबियासना कोपऱ्यावरून हलवावं, आणि रेयनावर नजर ठेवावी. त्या म्हणाल्या, बाई गं, किती बारकाईने पाहिलंत, मी नक्की बघते. अहवाल त्यांनी ड्रॉवरमध्येही टाकला नाही. समोरच ठेवला, आणि उडू नये म्हणून वर कॉफीचा कप ठेवला.

पूर्ण नोंदण्या: चव्वेचाळीस.

१४ डिसेंबर, शनिवार

आज दिव्यांची मिरवणूक. अर्धा देश गाडी घेऊन सान होसेत येतो आणि निम्मे रस्ते बंद. आमच्या अ‍ॅपसाठी याहून मोठा दिवस नाही. दुपारी तीनला सगळ्यांना संदेश पाठवला. चौदा ओळी, सुरुवात 'उजेडाच्या शोधात निघालेल्या जिवा' अशी. तासाभरात चारशे जणांनी अ‍ॅप काढून टाकलं. नेटवर्कवर ताण आला असणार.

मीही आईला मिरवणूक दाखवायला निघालो. जागा मिळेना. पाऊण तास फिरलो. आई म्हणाली, तुझं ते अ‍ॅप बघ ना. मी म्हणालो, आई, तू शांत बस. शेवटी ऑफिसच्या कोपऱ्याशी डॉन तोबियास हात करताना दिसले. रस्त्यावर उलटी बादली ठेवून जागा अडवून ठेवली होती. बादली उचलली आणि म्हणाले, या साहेब, तुमच्यासाठीच राखली होती, म्हटलं आईला घेऊन येणारच.

आपण येणार हे याला कसं कळलं? आईला विचारलं, तू काही बोललीस का? आई म्हणाली, अरे, गेल्या वर्षी तूच मला इथे आणलं होतंस.

तरीही.

१६ डिसेंबर, सोमवार

थोडक्यात लिहितो. अहवाल मागे घ्यावा की कसं, याचा विचार चालू आहे.

सकाळी मीटिंग. पूर्ण नोंदण्या: एकसष्ट. रेयनाने पडद्यावर नकाशा लावला आणि म्हणाली, यातल्या चोपन्न एकाच ठिकाणच्या आहेत, खालच्या बेकरीच्या कोपऱ्यावरच्या. मी उभा राहून म्हणालो, बघा, मी सांगतच होतो. कशाबद्दल सांगत होतो ते कुणी विचारलं नाही. रेयना म्हणाली, चला, खाली जाऊन बघू. डोन्या सिनियाही आल्या.

एक बाई गाडी लावत होती. म्हणाली, हे अ‍ॅप मेलं काही सुचू देत नाही, डॉन तोबियास, तुम्हीच करा. त्यांनी फोन घेतला. पुढे, पुढे, पुढे, दाणदाण दाबत गेले. चौथ्या पानावर थांबले, घर क्रमांकाच्या जागी बावीस लिहिलं आणि पुन्हा पुढे, पुढे. मिनिटात काम फत्ते. डोन्या सिनियांनी विचारलं, हे काय? ते म्हणाले, अकरा वेळा दाबायचं असतं बाई, फुटबॉलच्या टीमसारखं, म्हणून लक्षात राहतं. चौथा गडी आडमुठा आहे, त्याला नंबर लागतो. मी आपला माझ्या वर्षांचा देतो. लोकांना दम नसतो हो, मागे गाड्या उभ्या असतात. डोन्या सिनियांनी विचारलं, पण तुम्ही हे का करता? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, साहेबांनी सांगितलं होतं ना, मदत करा म्हणून. मी हो म्हटलं होतं.

चाळिसातला एक.

मग रेयनाने फोनवर दुसरी यादी काढली, अर्ध्यावर अडकलेल्यांची. एक हजार नऊशे दोन जण चौथ्या पानावर. सगळ्यात जुनं नाव तिने मोठ्याने वाचलं: एवेलिओ चावारिया, सहा नोव्हेंबर. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. डॉन तोबियासनी हात पुढे केला आणि म्हणाले, द्या साहेब फोन, एक मिनिटाचं काम आहे. दिला. आमच्याही हिरव्या फाटकाला आता बावीस नंबर आहे.

बासष्ट.

१७ डिसेंबर, मंगळवार. अहवालाच्या प्रतीच्या मागच्या बाजूला

सकाळी ऑफिसखाली आलो तर मागचं चाक बसलेलं. डोन्या सिनियांनी नऊला बोलावलं होतं. किल्ली डॉन तोबियासकडे दिली आणि म्हणालो, जरा चाक बदलून ठेवाल का? म्हणाले, हो साहेब, नक्की. तुमचे उपकार, असं म्हणून वर निघालो. अर्ध्या तासाने परत उतरताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पाय थबकला.

स्टेपनी!

धावत खाली. चाक बदललेलं. डॉन तोबियास जेवायला गेलेले, इतक्या सकाळी! किल्ली खानावळवालीकडे ठेवलेली. डिकी उघडली. स्टेपनीच्या खड्ड्यात बसलेलं चाक, खाली जॅक, एक जुनं फडकं. वही नाही.

सबंध दिवस आठवत होतो कुठल्या पानावर काय लिहिलंय. पाच तारीख. नऊ तारीख. दहा तारीख! हा माणूस लोकांच्या फोनमधून. पोटावर पाय. कंसातली वाक्यं.

त्यांना विचारावं? पण विचारलं तर अशी वही आहे हे कबूल केल्यासारखं होईल. कदाचित वही रेयनानेच नेली असेल. हो, तिनेच नेली असेल. तिने नेली असली तर बरं.

१९ डिसेंबर, गुरुवार. खानावळीच्या बिलाच्या मागे

दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करतोय. गाडी कोपऱ्यावरच आहे. बसने फिरायची सवय असलेली बरी.

खिडकीतून बघितलं. डॉन तोबियास नेहमीसारखेच हात हलवत होते. नेहमीसारखे म्हणजे जरा जास्तच नेहमीसारखे. काल त्यांनी वर बघून हात केला. मी पडद्यामागे झालो.

नोंदण्या: एकाहत्तर. उद्या शेवटचा दिवस. हजाराला थोड्या कमी पडतायत, पण डोन्या सिनिया माणूस पाहून निर्णय घेतात.

२० डिसेंबर, शुक्रवार. वही परत मिळाली, म्हणून वहीत

चार वाजता डोन्या सिनियांनी बोलावलं. टेबलावर नव्या स्वागताचे कागद होते, तीन पानं, रेयनाच्या अक्षरातल्या दुरुस्त्या असलेली. पत्त्याचं पान काढून टाकलेलं. 'तुम्ही कुठे आहात ते तुमच्या शब्दांत सांगा', बस. डोन्या सिनियांनी मला बसायला सांगितलं. कॉफी दिली. म्हणाल्या, एवेलिओ, तुमचं लिखाण फार सुंदर आहे, खरंच फार सुंदर. सुट्टी मजेत घालवा, आईला माझा नमस्कार सांगा, जानेवारीत नक्की बोलू, देवाची इच्छा असेल तर. तमालच्या दोन जोड्या दिल्या. निघताना म्हणाल्या, कपाटातलं सामान न्यायला पिशवी देऊ का?

जानेवारीत नक्की, म्हणाल्या. जिना उतरताना आईला सांगायचं वाक्य तयार करत होतो. बोलणी चालू आहेत. नाही, ठरल्यासारखंच आहे.

गाडी तर न्यायलाच हवी होती. कोपऱ्यावर गेलो. डॉन तोबियासनी जाकिटाच्या आतून पावाची प्लास्टिकची पिशवी काढली. आत वही. म्हणाले, साहेब, चाक काढताना मिळाली, भिजू नये म्हणून अंगावरच ठेवली होती. तीन दिवस वाट बघतोय, तुम्ही दिसलाच नाहीत.

वही पटकन काखेत मारली. विचारलं, वाचलीत का?

छे छे साहेब, म्हणाले, दुसऱ्याचं कशाला वाचू? मग पावाच्या पिशवीची घडी घालत म्हणाले, अक्षर मात्र फार सुंदर आहे.

फार सुंदर.

न्हावी हेच म्हणाला होता. औषधवाली, जपमाळेचं मंडळ, आई. डोन्या सिनिया, दहा मिनिटांपूर्वी, खरंच फार सुंदर. हातात तमाल आणि कपाटातल्या सामानाची पिशवी घेऊन फुटपाथवर उभा होतो, आणि मला इतकी लाज वाटली की तोंड कुठे लपवू कळेना. नोकरी गेली हे मला त्या कोपऱ्यावर कळलं. वर केबिनमध्ये नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, डॉन तोबियास, ते तुमचं नाव अ‍ॅपात घालायचं राहिलंय, जानेवारीत नक्की.

ते म्हणाले, हो साहेब, नक्की.

तमालची एक जोडी त्यांना दिली. त्यांनी नको नको म्हणत घेतली. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन त्यांनी हात वर करून बस थांबवली आणि मला गाडी मागे घ्यायची खूण केली. या, या, या. आज मी आरशात बघितलं नाही. मान वळवून त्यांच्या हाताकडे बघत, ते बास म्हणेपर्यंत मागे येत गेलो.